लॉरा पामरला कोणी मारलं? उत्तर मिळालं आणि मालिकाच भरकटली

आज एका जुन्या अमेरिकन मालिकेची गोष्ट. आधीच सांगतो, स्पॉयलर भरपूर आहेत. ‘ट्विन पीक्स’ बघायची असेल तर इथेच पॉज करा.

८ एप्रिल १९९०. एबीसी चॅनलवर पहिला भाग लागतो. लाकडाच्या गिरणीवर जगणारं छोटं गाव आणि पाण्याच्या कडेला प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एका शाळकरी मुलीचा मृतदेह. ही लॉरा पामर. तपासाला एफबीआयचा एजंट कूपर येतो. हा गडी संशयितांची नावं घेत बाटलीवर दगड मारतो आणि स्वप्नातून धागेदोरे शोधतो! डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट यांच्यासाठी खून हे निमित्त होतं, खरा विषय होता ते गाव. पहिल्या सीझनचे आठ भाग संपले, तरी खुनी कोण हे गुलदस्त्यातच.

त्यात बॉब नावाचा एक भयंकर माणूस दिसायचा. त्याचा जन्मही गंमतीशीर. सेटवर सामान मांडणारा फ्रँक सिल्वा चुकून आरशात टिपला गेला, आणि लिंचने तो शॉट ठेवून दिला. बॉब भूत, की कुणाच्या तरी मनातलं काही? कळायचं नाही. भीती वाटायची ती त्यामुळेच.

दुसऱ्या सीझनमध्ये चॅनलला उत्तर हवं होतं. लिंचला इतक्यात ते द्यायचं नव्हतं. शेवटी १० नोव्हेंबर १९९० ला प्रेक्षकांना कळलं: खुनी लॉराचा बाप, लीलंड. त्याच्या अंगात बॉब.

आता इथे जरा थांबूया. लॉराला तिच्या घरातच वर्षानुवर्षं छळलं गेलं होतं. बॉब म्हणजे बापाचाच चेहरा, जो तिला बघवत नव्हता, असं समजलं तर ही फार जवळची, खरी गोष्ट होते. बॉब हे खरंच भूत असेल, तर बाप सुटतो. लीलंड मेल्यावर कूपर आणि पोलीस यावर एकदा बोलतात. पण पुढे कथानकाने दुसरी वाट धरली. बॉब बाहेर मोकाट आहे, पकडा! मग बुद्धिबळात मोहरं मारलं की माणूस मारणारा विंडम अर्ल आला, नवनवीन उपकथानकं आली. घटना वाढल्या, पण लॉरा मागे पडली. शनिवार रात्रीची वेळ, घसरते प्रेक्षक. फेब्रुवारी १९९१ मध्ये मालिका थांबली. चाहत्यांनी पत्रं पाठवली, तेव्हा उरलेले भाग दाखवले. १० जूनचा शेवटचा भाग लिंचने स्वतः दिग्दर्शित केला आणि पुन्हा सगळं धूसर करून टाकलं.

१९९२ मध्ये त्याने लॉराच्या शेवटच्या सात दिवसांवर सिनेमा काढला. त्यातही बॉब आहे. पण जेवणाच्या टेबलावर ती घाबरते, ती बापाला.

म्हणून मला वाटतं, गडबड उत्तर देण्यात नव्हती. उत्तर मिळाल्यावर त्या मुलीचं काय झालं, हे विचारायचंच राहिलं. तुमच्या आवडत्या सिरीजचा दुसरा सीझन बघताना हा प्रश्न विचारून बघा. भेटू पुढच्या भागात!