पेंढा, पाटे आणि शॉकअप

पेणजवळच्या हमरापूरच्या गणपतीला पावसापेक्षा धक्क्याचं भय जास्त. पावसाला ताडपत्री आहे. धक्का खालून येतो, चाकातून वर चढतो आणि मूर्तीच्या सगळ्यात नाजूक जागी जाऊन पोचतो: आशीर्वादाचा हात, सोंडेचं टोक, कानाची पाळी. वर्षभर साच्यातून काढून, घासून, हात लावून तयार केलेली मूर्ती कारखान्याच्या दारातून निघते, आणि तिथून पुढे तिचं भवितव्य गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर असतं. आमच्या भागाचा इतिहास लिहिणारे मूर्तिकारांबद्दल भरभरून लिहितात, आणि ते योग्यच आहे. मूर्ती अखंड पोचवण्याच्या विद्येबद्दल मात्र फारसं कुणी लिहीत नाही. मी टेम्पोवाल्याच्या घरात वाढलो, म्हणून मला ती बाजू मांडायची आहे.

मूर्तिकामाची सुरुवात पेण शहरात झाली. तिथल्या कारखान्यांत हात तयार झालेली माणसं आपापल्या गावी परतली आणि हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत इथे घराघरांत साचे आले. शाडूच्या जोडीला प्लास्टर आलं. रंगवलेल्या मूर्तींबरोबर न रंगवलेल्या कच्च्या मूर्ती गाड्या भरभरून बाहेरगावच्या रंगाऱ्यांकडे जाऊ लागल्या. माल जायचा मुंबईकडे आणि घाटावर, म्हणजे रस्ता लांबचा. वाशीचा पहिला खाडीपूल १९७३ साली खुला होईपर्यंत पनवेलहून मुंबईला जाणारी गाडी ठाण्याच्या अंगाने वळसा घालून जायची. आपटा-रोहा रेल्वे ऐंशीच्या दशकात झाली, हमरापूरला स्टेशनही मिळालं, तरी मूर्तीने चाकाची गाडी सोडली नाही. ज्या मालाला दोनदा चढवणं-उतरवणं सोसत नाही, त्याला दारातून दारात जाणारं वाहनच लागतं.

त्याही आधी या पट्ट्यातलं मीठ आणि भात पेणच्या अंतोरा बंदरातून पाण्याने जायचं किंवा बोरघाटाने वर चढायचं. त्या घाटातून गाडीरस्ता झाला १८३० साली, गव्हर्नर माल्कमच्या कारकिर्दीत. त्याआधी लमाणांचे बैल पाठीवर गोणी वाहत. बैलाच्या पाठीवरच्या मिठाला धक्क्याचं काय! बैलगाडीलाही कमानी, म्हणजे स्प्रिंग, नव्हत्या. आस थेट साट्याखाली. तिकडे इंग्लंडमध्ये ओबाडाया इलियटने १८०४ साली लंबगोल कमानींचं पेटंट घेतलं आणि बग्गीखालची जड लाकडी दांडी गेली. आपल्याकडे ती कमान टांग्याबरोबर आली, म्हणजे माणसांसाठी आली. माल पुढेही बराच काळ तसाच आदळत राहिला.

माल आदळू नये म्हणून कोकणाने जे शोधलं ते म्हणजे भाताचा पेंढा. साट्यात हातभर पेंढा, त्यावर मूर्ती, मधल्या फटींत पुन्हा पेंढा. पुढे फोमच्या गाद्या आल्या तेव्हा एका गिऱ्हाइकाने हौसेने गादी आणून दिली. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती बाजूला ठेवली. म्हणाले, “गादी उसळते रे. पेंढा बसला की बसतो.” मला आज वाटतं, सस्पेन्शनचं अख्खं शास्त्र या दोन वाक्यांत आहे. धक्का झेलायला मऊपणा लागतो. पण झेललेला धक्का परत वर फेकला जाऊ नये, यासाठी तो कुठेतरी जिरावा लागतो. फोम झेलतो आणि परत करतो. पेंढ्याच्या काड्या एकमेकींवर घासतात आणि त्या घासण्यात धक्का संपतो. गाडीत पहिलं काम स्प्रिंगचं, दुसरं शॉकॲब्सॉर्बरचं, ज्याला आमच्याकडे गॅरेजात सगळे शॉकअप म्हणतात. त्याच्या नळीतलं तेल बारीक छिद्रांतून ढकललं जातं, तापतं, आणि उसळीची ताकद उष्णतेत निघून जाते.

अण्णांकडे पुढे टाटा ४०७ आली. हे मॉडेल १९८६ सालचं, पुढेमागे दोन्हीकडे कमानपाटे. पाट्यांची गंमत अशी की त्यांच्यात थोडा पेंढ्याचा गुणही असतो: एकावर एक बसवलेली पानं वाकताना एकमेकांवर घासतात आणि उसळी खातात. पण आमची हवा खारी. मिठागरं आणि खाजणं हाकेच्या अंतरावर. पावसाळ्यानंतर पानांच्या मधे गंज धरतो, पानं एकमेकांना चिकटतात, आणि पाटा वाकायचाच थांबतो. मग छोटा खड्डासुद्धा थेट साट्यात पोचतो. म्हणून मूर्तींचा हंगाम सुरू होण्याआधी अण्णा गाडी उचलून पानं मोकळी करून घेत, मधे ग्रीस भरत, पाट्याच्या टोकाच्या कडीचे, म्हणजे शॅकलचे, बुश बघत.

दुसरी अडचण वजनाची. टनाटनाचा माल सोसणारे पाटे आणि वर आतून पोकळ, हलक्या मूर्ती. जागा भरली तरी काट्यावर गाडी रिकामीच. इथे एक हिशेब सांगतो, तो गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला उपयोगी पडेल. वजनाखाली स्प्रिंग जितकी दबते तितका तिचा झोका सावकाश. पंचवीस सेंटीमीटर दबली तर सेकंदाला साधारण एक झोका, अकरा सेंटीमीटरला दीड, सहाला दोन. माणसाच्या अंगाला सेकंदाला एक ते दीड झोका सुखाचा वाटतो. रिकाम्या टेम्पोचा पाटा काही सेंटीमीटरच दबलेला असतो, म्हणून तो दोनच्या वर थरथरतो. अण्णांनी हे गणित मांडलं नव्हतं, तरी उत्तर त्यांना ठाऊक होतं: साट्याच्या तळाशी मागच्या आसाच्या जरा पुढे वाळूची पोती आणि टायरची हवा थोडी कमी. काही जण हंगामापुरतं एखादं पान काढून ठेवत. अण्णांना ते पटायचं नाही, कारण परतीच्या वाटेवर भाड्याने मिळालेला माल जड असायचा.

हेच कोडं जगात इतरांनाही पडलेलं होतं. रोल्स-रॉइसमधून जनरल मोटर्समध्ये गेलेल्या मॉरिस ऑली नावाच्या इंजिनिअरने १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला एका गाडीवर हलवता येणारी वजनं लावून प्रयोग केले. तोवर गाड्यांच्या पुढच्या स्प्रिंग मागच्यापेक्षा कडक असत. ऑलीला आढळलं की उलट हवं. खड्डा पुढच्या चाकाला आधी लागतो, मागच्याला क्षणभराने. मागचा झोका थोडा जलद असेल तर तो पुढच्याला गाठतो आणि गाडी नाक खालीवर न करता सपाट उचलली जाते, सपाट बसते. माणसाचा जीव कासावीस होतो तो या डोलण्याने. १९३४च्या मॉडेलांत जनरल मोटर्सने पुढची दोन चाकं एकमेकांपासून स्वतंत्र केली ती याच विचारातून. फ्रान्समध्ये सित्रोएनने शेतकऱ्यांसाठी टू-सीव्ही बनवायला घेतली तेव्हा अट अशी होती की नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली नेली तर एकही अंडं फुटता कामा नये. ती गाडी १९४८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात आली. अंड्यांची ती अट वाचली तेव्हा मला ४०७च्या साट्यातल्या मूर्ती आठवल्या आणि मनापासून आनंद झाला.

आमच्याकडे आरामाची चव आधी मुंबईच्या टॅक्सीत मिळाली. कुर्ल्याला बनणाऱ्या फियाटला पुढे कॉइल स्प्रिंग आणि मागे पाटे होते. ॲम्बॅसेडरला पुढे टॉर्शन बार. एसटीच्या मागच्या बाकावर बसणाऱ्याचं काय होतं ते कोकणात जन्मलेल्याला सांगायला नको; ते बाक मागच्या आसाच्याही मागे लटकलेलं असतं, त्यामुळे चाक वीतभर उचललं तर बाक त्याहून जास्त उचललं जातं. आजारी माणसाला आणि गरोदर बाईला दोन आसांच्या मधली जागा द्यावी, ही रीत प्रत्येक कंडक्टरने पाळावी असं मला कळकळीने वाटतं. १९८३ साली मारुती ८०० आली, तिलाही मागे पाटे होते. १९८६च्या नव्या रूपात तिथे कॉइल आल्या. शॉकअप तोवर देशात बनत होते. गॅब्रिएलचा मुलुंडचा कारखाना साठच्या दशकातला.

मग रस्ता बदलला. मुंबई-गोवा महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं आणि ते रेंगाळलं. खारपाडा, जिते, तरणखोप, वडखळ या नावांना खड्ड्यांची साथ लागली. मी रोज गाडीने पनवेलला कामाला जातो. त्या वर्षांत माझ्यासारख्यांच्या गाड्यांचे शॉकअप वेळेआधी गळाले, लिंक रॉड वाजू लागले, आणि आमच्या गावात, जिथे सस्पेन्शनचा विचार फक्त मूर्तीसाठी होत असे, तिथे माणसं स्वतःच्या पाठीसाठी तो करू लागली. मला हा बदल महत्त्वाचा वाटतो.

माझ्या हॅचबॅकचे पुढचे शॉकअप ओलसर दिसायला लागले तेव्हा दुकानात तीन गोष्टी पुढे ठेवल्या गेल्या. एक, उंची कमीजास्त करता येणारे कॉइलओव्हर. दुसरी, जुन्याच स्प्रिंगच्या वेढ्यांत बसवायचे रबरी बफर. तिसरी, मूळ मापाचे गॅस शॉकअप. कॉइलओव्हर दिसायला सुरेख. पण गाडी खाली बसवली की चाकाला वर जायला जागा उरत नाही, आणि ती जागा भरून काढायला स्प्रिंग कडक करावी लागते. शर्यतीच्या सपाट रस्त्यावर ठीक. जित्याच्या खड्ड्यात तो पाठीवर अन्याय आहे. बफरने गाडी अंगुळभर उचलली जाते, भरल्या गाडीत तळ घासत नाही, म्हणून त्यांची विक्री खूप. पण बफर स्प्रिंगचे वेढे अडवतो, म्हणजे ती कडक होते. एकट्याने जाणाऱ्याच्या गाडीत तो रिकाम्या टेम्पोची थरथर आणून ठेवतो.

मी मूळ मापाचे शॉकअप घेतले, दोन नळ्यांचे, आत कमी दाबाचा नायट्रोजन असलेले. खड्ड्यांची मालिका लागली की साध्या शॉकअपमधल्या तेलाला फेस येतो आणि पकड सुटते. गॅसचा दाब तो फेस येऊ देत नाही. एका नळीचे, जास्त दाबाचे शॉकअप लवकर थंड होतात, पण बारीक खडीवर बहुधा टणक लागतात. स्प्रिंगला हात लावला नाही. त्या बसल्या नव्हत्या, दोन्ही बाजूंची उंची सारखी होती. स्ट्रटच्या, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअपच्या जोडीच्या, वरचं रबरी माउंटिंग, बेअरिंग, बम्प स्टॉप आणि धूळटोपी मात्र नवी घेतली. जुन्या भेगाळलेल्या माउंटिंगवर नवा शॉकअप बसवला की खटखट तशीच राहते, आणि माणूस नव्या शॉकअपला दोष देतो. लोअर आर्मचे बुशही त्याच वेळी बदलून घेतले. मिस्त्रीला एकच आग्रह केला: बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना आवळायचे नाहीत, चाकं जमिनीला टेकून गाडी आपल्या वजनावर बसली की मग आवळायचे. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. शेवटी अलाइनमेंट.

आता महामार्गाच्या बऱ्याच भागात काँक्रीट आलं आहे. काँक्रीटला साधारण साडेचार मीटरवर सांधा असतो आणि त्यावरची टकटक शॉकअपपेक्षा टायरच्या हाती जास्त असते. म्हणून मोठ्या रिमचा आणि बारीक कडेच्या टायरचा मोह मी धरला नाही. दाराच्या पट्टीवर लिहिलेली हवा सकाळी थंड टायरमध्ये तपासतो. शॉकअप बदलायचे तर एका आसावरचे दोन्ही एकदम बदलावेत. मे महिन्यात, पाऊस लागायच्या आत, गाडी उचलून बुश, लिंक रॉड आणि रबरी टोप्या बघून घ्याव्यात. ज्यांच्याकडे अजून पाट्यांची गाडी आहे त्यांनी पानं मोकळी करून ग्रीस भरावं, आणि मूर्तींचं भाडं घेतलं असेल तर पेंढा नव्या भाताचा, कोरडा बघून घ्यावा.