इथॉक्सिक्विन (श्वानखाद्यातील)

इथॉक्सिक्विन : तेल व चरबी खवट होऊ नये म्हणून पशुखाद्यात मिसळले जाणारे कृत्रिम रसायन. कुत्र्यांच्या तयार खाद्यातील परिरक्षकांविषयी पाळणाऱ्यांच्या मनात ज्या शंका आहेत, त्यांत हे नाव सर्वांत जुन्या नावांपैकी एक आहे. अमेरिकेतील मोन्सॅन्टो कंपनीने ते १९५० च्या दशकात विकसित केले. रबराला तडे जाऊ नयेत, साठवलेल्या सफरचंदांची व नासपतींची साल काळी पडू नये, मिरचीपुडीचा लाल रंग उडू नये, अशा निरनिराळ्या कामांसाठी ते वापरले गेले. पशुखाद्यातील वापराला अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने १९५९ मध्ये मान्यता दिली आणि किलोमागे १५० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा घातली.

कोरड्या खाद्याचे दाणे वाळवून झाले की त्यांच्यावर चरबीचा थर चढवतात. कुत्र्याला ओढतो तो याच थराचा वास. हवा लागली की ही चरबी खवट होऊ लागते आणि खाद्यातील ई जीवनसत्त्वही नासते. खवट खाद्य अपायकारकच असते, त्यामुळे परिरक्षक मुळातच नको ही मागणी टिकणारी नाही. कोणते घातले, किती घातले आणि ते पाकिटावर सांगितले का, हे प्रश्न मात्र रास्त आहेत.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत तक्रारी येऊ लागल्या : त्वचारोग, यकृताचे व मूत्रपिंडाचे विकार, कर्करोग, प्रजननातील अडचणी. यांतल्या बहुतेकांचा इथॉक्सिक्विनशी संबंध सिद्ध झाला नाही. पण त्या निराधार ठरवून बाजूला सारणेही चूक ठरले असते. मोन्सॅन्टोनेच कुत्र्यांवर केलेल्या दीर्घ चाचणीत मात्रेच्या प्रमाणात यकृतात प्रोटोपॉर्फिरिन हे रंगद्रव्य साचलेले आढळले, यकृताची काही विकरेही रक्तात वाढलेली दिसली. त्यामुळे प्रशासनाने जुलै १९९७ मध्ये कंपन्यांना श्वानखाद्यातील प्रमाण ७५ मिलिग्रॅमवर आणण्याची विनंती केली. ही विनंतीच होती. कायदेशीर मर्यादा बदलली नाही. उंदरापेक्षा कुत्रा या रसायनाला अधिक संवेदनशील आहे, हे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समित्यांनीही मान्य केले आहे.

खरी गुंतागुंत कारखान्याच्या आधी, माशांच्या भुकटीपाशी सुरू होते. तारलीसारखी तेलकट मासळी शिजवून, दाबून, वाळवून ही भुकटी म्हणजे फिशमील करतात. गोव्यात कुंकळ्ळीच्या औद्योगिक वसाहतीतही असे कारखाने आहेत. भुकटीत उरलेल्या तेलाचा हवेशी संयोग होताना उष्णता निर्माण होते. जहाजाच्या बंद तळघरात तिला बाहेर पडायला वाट नसते, ढीग आतून तापत जातो आणि आपोआप पेटू शकतो. म्हणून सागरी मालवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांनी भुकटी तयार करतानाच तीत किलोमागे ४०० ते १,००० मिलिग्रॅम इथॉक्सिक्विन किंवा त्याहून अधिक प्रमाणात बीएचटी हे दुसरे कृत्रिम परिरक्षक मिसळणे आवश्यक केले. टोकोफेरॉलचा (ई जीवनसत्त्वाच्या गटातील संयुगांचा) पर्याय नंतर मान्य झाला. म्हणजे श्वानखाद्याच्या कंपनीने स्वतः थेंबभरही घातले नसले, तरी भुकटीबरोबर ते खाद्यात येऊ शकते. ‘आम्ही कृत्रिम परिरक्षक घालत नाही’ हे वाक्य अशा वेळी शब्दशः खरे असते, पण ग्राहकाला हवे असलेले उत्तर त्यात नसते.

युरोपीय महासंघाने अधिक कठोर भूमिका घेतली. निर्मितीत उरणारी पी-फेनेटिडीन ही अशुद्धी जनुकांना अपाय करू शकते, या शंकेवरून २०१७ मध्ये पशुखाद्यातील इथॉक्सिक्विनची परवानगी स्थगित झाली आणि २०२२ मध्ये ती नाकारण्यात आली. दीर्घकाळ जगणाऱ्या आणि प्रजननासाठी ठेवलेल्या प्राण्यांसाठी सुरक्षित मात्रा ठरवता येत नाही, असा युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा निष्कर्ष होता. कुत्र्यांच्या बाबतीत हा मुद्दा फार मोलाचा आहे. मांसासाठी वाढवलेली कोंबडी काही आठवडेच जगते. घरातला कुत्रा मात्र दहा-बारा वर्षे, दोन्ही वेळा, बहुधा एकाच पोत्यातले खातो. अल्प मात्रा त्याच्यासाठी रोजची मात्रा होते.

आज अनेक कंपन्या मिश्र टोकोफेरॉल व रोझमेरीचा अर्क वापरतात. पाकीट घेताना घटकांच्या यादीत ‘फिश मील’ किंवा ‘सॅमन मील’ दिसले, तर ते कशाने टिकवले आहे असे कंपनीला लेखी विचारावे. यादीतील ‘प्रिझर्व्ह्ड विथ मिक्स्ड टोकोफेरॉल्स’ हे शब्द अनेकदा फक्त चरबीपुरते असतात. टोकोफेरॉलचा प्रभाव कमी काळ टिकतो, त्यामुळे दमट हवेत मोठे पोते घेणे परवडत नाही. लहान पाकीट घ्यावे, खाद्य मूळ पाकिटातच तोंड घट्ट बंद करून ठेवावे, डब्यात ओतायचेच असेल तर तळाशी राहिलेला जुना तेलकट थर आधी धुऊन काढावा, आणि जुन्या तेलासारखा वास आला की उरलेले खाद्य टाकून द्यावे.