शाळेच्या दाखल्यावरचे वय

आमच्या बेळगाव भागातील साठी उलटलेल्या मंडळींचे शाळेचे दाखले एकत्र मांडले, तर निम्म्यांचा जन्म १ जूनला झालेला आढळेल. पहिलीत नाव घालताना वडिलांना तारीख आठवत नसे. 'नागपंचमीच्या सुमारास झाला, पाऊस फार होता,' एवढेच ते सांगत. शाळा जूनमध्ये उघडे. मास्तर मुलाला पहिलीच्या वयात बसवून १ जून लिहीत आणि मोकळे होत. कचेरीत असताना जन्मतारीख दुरुस्तीची प्रकरणे आम्ही पुष्कळ पाहिली. त्यांच्या मागे बहुधा नोकरी असे, नाहीतर निवृत्ती. हीच तारीख एखाद्या मुलाला तुरुंगाच्या दारापर्यंत नेऊ शकते, हे तेव्हा आमच्या ध्यानात आले नव्हते.

वयाची ही रेघ जुनी आहे. १८५० च्या उमेदवारी कायद्याने १० ते १८ वर्षांची निराधार वा किरकोळ गुन्ह्यात सापडलेली मुले कारागिरांच्या हाताखाली देण्याची सोय केली. १८६० च्या दंड संहितेने ७ वर्षांखालील मुलाचे कृत्य गुन्हाच मानले नाही. ७ ते १२ वर्षांच्या मुलास समज किती होती हे पाहावयास सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही या दोन्ही तरतुदी कायम आहेत.

तुरुंग समितीने १९१९-२० साली मुलांसाठी वेगळी न्यायालये सुचविली आणि मद्रास, बंगाल यांच्या मागोमाग १९२४ साली मुंबई इलाख्याचा बालक कायदा झाला. बेळगाव तेव्हा त्याच इलाख्यात होते. 'रिमांड होम' हा शब्द आपल्या बोलीत रुजला तो त्या व्यवस्थेतून; घरोघरी व्रात्य मुलांना त्याचा धाक घातला जाई. पुढे सरकारी भाषेत 'बालगुन्हेगार' जाऊन 'विधिसंघर्षग्रस्त बालक' आला. शब्द जिभेला जड खरा, पण मुलाच्या कपाळी शिक्का मारीत नाही, म्हणून आम्हांस तो मान्य आहे.

राज्याराज्यांत वयोमर्यादा वेगवेगळी होती. १९८६ च्या केंद्रीय कायद्याने मुलासाठी १६ आणि मुलीसाठी १८ वर्षे ठरविली. २००० च्या कायद्याने दोघांनाही १८. तरीही वय मोजावयाचे कोणत्या दिवशीचे, हा प्रश्न उरला होताच. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने मुलाला न्यायासनापुढे आणले तो दिवस धरला. म्हणजे पोलिसांनी उशिरा पकडले तर मूल मूल राहत नसे! २००५ साली पाच न्यायमूर्तींच्या पीठाने हे बदलून गुन्ह्याचा दिवस धरला. आमच्या मते या साऱ्या इतिहासातील हा सर्वांत मोलाचा निर्णय.

२०१२ च्या दिल्लीतील प्रकरणात एक आरोपी १८ वर्षांखालील निघाला. त्याला तीन वर्षे विशेष गृहात ठेवण्याचा आदेश झाला, देशभर क्षोभ उसळला आणि २०१५ चा कायदा आला. त्यात गुन्ह्यांचे किरकोळ, गंभीर आणि निर्घृण असे तीन वर्ग पडले. किमान सात वर्षांची शिक्षा असलेला निर्घृण गुन्हा १६ वर्षे पूर्ण झालेल्या मुलाने केल्याचा आरोप असेल, तर बाल न्याय मंडळ त्याची शारीरिक-मानसिक क्षमता, परिणामांची समज आणि परिस्थिती पाहते. मग प्रौढाप्रमाणे खटला चालविण्यासाठी ते प्रकरण बालन्यायालयाकडे जाऊ शकते. फाशी मात्र होत नाही, सुटकेची आशाच नसलेली जन्मठेपही नाही. मुलाच्या मनाची पारख एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्त्यांनी करावयाची, हे आम्हांस कठीण वाटे. तज्ज्ञ सभासद नसल्यास मानसशास्त्रज्ञाचे साहाय्य घेतलेच पाहिजे, असे २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले.

अशा रीतीने १६ ची पुसलेली रेघ पुन्हा उमटली आणि शाळेतल्या तारखेचे वजन वाढले. वय शंकास्पद असेल तर या कायद्याप्रमाणे पहिला मान शाळेच्या जन्मतारखेच्या दाखल्याला किंवा शालान्त प्रमाणपत्राला आहे. ते नसेल तर नगरपालिका वा पंचायतीचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. श्रावणात जन्मलेल्या, पण दाखल्यावर १ जून असलेल्या मुलाच्या हातून जुलैत काही घडले, तर आईच्या हिशेबी त्याला सोळावे सरायचे असते आणि मंडळापुढील कागदावर ते सरून महिना झालेला असतो.