दाजीपूरचा गवा राहिला, माळावरचा चित्ता गेला

'चित्ता' हा शब्द आपल्याकडचा. संस्कृतातील 'चित्रक', म्हणजे अंगावर ठिपके असलेला, या शब्दाशी त्याचे नाते आहे आणि इंग्रजीनेही तो आपल्याकडूनच उचलला. असे असूनही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोल्हापूर संस्थानाला आपल्या पदरचे चित्ते थेट आफ्रिकेतून आणावे लागत होते. ज्या दख्खनच्या माळावर हा प्राणी शेकडो वर्षे नांदला, तेथे तो तोपर्यंत उरलाच नव्हता. त्याच संस्थानच्या पश्चिमेला, दाजीपूरच्या रानात, गवा मात्र टिकून होता. तो आजही आहे. एकाच राज्यातील दोन प्राण्यांच्या नशिबात एवढा फरक का पडला, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

एक जिल्हा, दोन अधिवास

कोल्हापूर जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवा. पश्चिमेला सह्याद्रीच्या माथ्यावर गगनबावड्याला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेला शिरोळकडे जावे तसा पाऊस घटत जातो आणि शिरोळला तो जेमतेम पाचसहाशे मिलिमीटरवर येतो. दोन्ही ठिकाणांमधील अंतर शंभर किलोमीटरही नाही. इतक्या कमी अंतरात पाऊस इतका बदलला, की वनस्पती बदलतात आणि वनस्पतींबरोबर प्राणीही बदलतात.

पश्चिमेला सदाहरित व निमसदाहरित जंगल आहे. गवा, अस्वल, सांबर, बिबट्या ही तेथली वस्ती. पूर्वेला नद्यांच्या काठी काळी जमीन आणि दोन नद्यांमधील उंचवट्यावर मुरमाड माळ. माळावर मारवेल, पवन्या, कुसळी अशी गवते आणि मधूनमधून बोर, तरवड, हेकळ यांची झुडपे. काळवीट, लांडगा, खोकड, तरस, माळढोक हे दख्खनच्या अशा उघड्या माळांचे मूळ रहिवासी. त्या काळच्या कोल्हापूर संस्थानात आज कर्नाटकात असलेला रायबागचा कोरडा मुलूखही होता, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे.

वेग हाच पुरावा

चित्ता आणि बिबट्या यांत अनेकांची गल्लत होते. बिबट्याच्या अंगावर पाकळ्यांसारखी वर्तुळे असतात, चित्त्याच्या अंगावर भरीव ठिपके. चित्त्याच्या डोळ्यापासून तोंडापर्यंत ओघळलेली काळी रेघ असते, ती बिबट्याला नसते. खरा फरक मात्र शिकारीच्या पद्धतीत आहे. बिबट्या दबा धरतो, चित्ता पाठलाग करतो. ताशी शंभर किलोमीटरच्या आसपासचा वेग तो गाठतो, पण काही शे मीटरपुरताच. तेवढ्यात सावज हाती लागले नाही तर तो थांबतो, कारण धाप लागलेल्या शरीराला विसावा हवा असतो. अशा प्राण्याला दाट झाडी निरुपयोगी. त्याला लांबवर दिसेल आणि धावता येईल अशी जमीन लागते. काळविटाचेही तेच. दृष्टी आणि पाय यांवर त्याचा सारा भरवसा असतो.

कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याने इ.स. ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये शिकवलेल्या चित्त्याकडून करवलेल्या शिकारीचे वर्णन येते. त्या वेळी कोल्हापुरात शिलाहार राज्य करत होते आणि ते याच चालुक्यांचे मांडलिक होते. इतिहासाचा अभ्यासक या ग्रंथाकडे राजदरबाराचे साधन म्हणून पाहील. जीवशास्त्राच्या दृष्टीने त्यात आणखी एक नोंद दडलेली आहे. चित्ता आणि त्याचे सावज असलेले मृग येथे होते, त्याअर्थी मोकळी गवताळ जमीनही होती. आपले माळ म्हणजे केवळ अलीकडे तोडलेल्या जंगलांची उजाड जागा नव्हे. त्यांतले निदान काही फार जुने आहेत.

चित्त्याची शिकार आणि चित्त्याचा खप

चित्त्याकडून शिकार करवण्याची रीत साधारण अशी असे. चित्त्याच्या डोळ्यांवर कातडी झापड बांधून त्याला गाडीवर बसवत. माळावरची हरणे बैलगाडीला सरावलेली असत, त्यामुळे गाडी बरीच जवळ नेता येई. मग झापड काढून चित्त्याला सोडत. त्याने काळवीट पाडून नरडे धरले, की चित्तेवान धावत जाई आणि रक्त किंवा मांस पुढे करून त्याची पकड सोडवी. चित्ता माणसाला सहसा इजा करत नाही. त्यामुळे तो पाळता येत असे, आणि हाच गुण त्याच्या मुळावर आला.

कारण पाळलेला चित्ता बंदिवासात वीत नसे. अकबराजवळ एका वेळी एक हजार चित्ते होते असे सांगितले जाते. तरीही त्याच्या हयातीत चित्त्यांची पैदास झाली नाही. जहांगीराच्या आठवणींत १६१३ साली एका मादीने तीन पिल्ले दिल्याची नोंद आहे आणि ती एक नवलाची घटना म्हणून आहे. बंदिवासातील जन्माची यानंतरची खात्रीलायक नोंद थेट १९५६ सालची, अमेरिकेतील फिलाडेल्फिया प्राणिसंग्रहालयातली. मध्ये साडेतीनशे वर्षे गेली.

म्हणजे दरबारात लागणारा प्रत्येक चित्ता रानातूनच पकडावा लागे. तोही शक्यतो पूर्ण वाढलेला, कारण शिकार करण्याचे शिक्षण पिल्लाला आईकडूनच मिळते. चित्ते ठरावीक झाडांशी येऊन मूत्राच्या खुणा करतात. पारधी अशी झाडे हेरून तेथे फास लावत. या हिशेबात एक गोष्ट विद्यार्थ्यांना सहज दाखवता येईल. मारलेला चित्ता आणि पकडलेला चित्ता यांत रानाच्या दृष्टीने काहीच फरक नसतो. दोन्ही प्रजननातून कायमचे वजा होतात.

ही वजाबाकी शतकानुशतके चालली. ब्रिटिश अमलात त्यात आणखी भर पडली. काही भागांत चित्ता हा उपद्रवी हिंस्र प्राणी ठरवून त्याला मारणाऱ्याला बक्षीस मिळू लागले. शेतीचा विस्तार झाला, माळ तुटक झाले, हरणे घटली. हळूहळू वाढणाऱ्या प्राण्याला एवढे आघात सोसत नाहीत.

कोल्हापूरचे आफ्रिकी चित्ते

राजर्षी शाहू छत्रपती (१८७४–१९२२) यांचे काही शिक्षण राजकोटच्या राजकुमार कॉलेजात झाले. भावनगरचे भावसिंहजी तेथले त्यांचे स्नेही. पुढे कोल्हापूर आणि भावनगर ही दोन्ही संस्थाने चित्त्यांच्या शिकारीसाठी नावाजली गेली. कोल्हापुरात ही परंपरा राजाराम महाराजांच्या काळातही (१९२२–१९४०) चालू राहिली. चित्ते सांभाळण्याचे व शिकवण्याचे कसब काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या होते.

कसब होते, पण चित्ते मिळेनात. तेव्हा संस्थानिक आफ्रिकेकडे, मुख्यतः केनियाकडे वळले. १९१८ ते १९४५ या काळात सुमारे २०० चित्ते भारतात आणले गेले असा अंदाज आहे. वन्यप्राणी-इतिहासाचे अभ्यासक दिव्यभानुसिंह यांनी चित्त्यावरील आपल्या ग्रंथात हा सारा काळ तपशिलाने मांडला आहे. आज जुन्या छायाचित्रांत दिसणारे संस्थानी चित्ते पाहून 'तेव्हा आपल्याकडे केवढे चित्ते होते' असे वाटते. वस्तुस्थिती उलटी आहे. त्यांतले अनेक चित्ते आपल्याकडचा चित्ता संपत आल्याची खूण आहेत.

१९४७ साली आजच्या छत्तीसगडमधील कोरिया संस्थानच्या राजाने एका रात्री तीन नर चित्ते मारले. भारतातील चित्त्यांची ही शेवटची खात्रीशीर नोंद मानली जाते. १९५२ साली चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले.

गवा कसा वाचला

आता पश्चिमेकडे वळू. दाजीपूरचे रान हेही संस्थानचे शिकारीचे राखीव रानच होते. तेथे गव्याची शिकार होई. म्हणजे शिकारीचा शौक दोन्हीकडे होता आणि तरी निकाल वेगळा लागला. याची कारणे तीन सांगता येतील.

पहिले, गव्याला कुणी दरबारासाठी पकडून नेत नव्हते. दुसरे, त्याचा अधिवास डोंगराळ, अतिपावसाचा आणि शेतीला गैरसोयीचा होता. तिसरे कारण पाण्याचे. शाहू महाराजांनी १९०८ च्या सुमारास भोगावती नदीवर राधानगरीचे धरण हाती घेतले. ते स्वातंत्र्यानंतर पूर्ण झाले. धरणाखाली रानाचा काही भाग बुडाला हे खरे, पण वरचे रान राहिले तर धरणात गाळ कमी येतो. त्यामुळे जंगल राखण्यात माणसाचाही स्वार्थ होता.

१९५८ साली दाजीपूर अभयारण्य झाले. १९८५ साली त्याचा विस्तार होऊन सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचे राधानगरी अभयारण्य अस्तित्वात आले. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत कास, कोयना आणि चांदोलीबरोबर राधानगरीही आहे. जंगलाला असे एकामागून एक संरक्षण मिळत गेले.

माळाला काय मिळाले? राधानगरीचे पाणी खाली आले, नद्यांवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे झाले, उपसा सिंचनाने पाणी चढावर गेले. १८९५ साली वसलेल्या शाहूपुरीच्या गुळाच्या पेठेपासून पुढच्या सहकारी साखर कारखान्यांपर्यंत उसाने जिल्ह्याला समृद्धी दिली. मुरमाड माळांवर वसाहती उभ्या राहिल्या. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल–हातकणंगले या औद्योगिक वसाहती, उजळाईवाडीचा विमानतळ. १९६२ साली स्थापन झालेले शिवाजी विद्यापीठही सागरमाळावरच आहे. यातली एकही गोष्ट अनावश्यक होती असे म्हणता येणार नाही. पण हे सारे होताना आपण एक अधिवास वापरून टाकत आहोत, याची नोंद कुठेच झाली नाही.

नावात दडलेला धोका

जंगलाला निदान 'जंगल' म्हणतात. माळाला सरकारी दफ्तरात पोटखराब, पडीक, गायरान अशी नावे आहेत. १९८५ साली राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन झाले आणि २००० सालापासून देशातील पडीक जमिनींचे नकाशासंग्रह निघू लागले. त्यांत झुडपी माळही 'पडीक' म्हणून मोजला जातो. ज्या जमिनीचे नावच पडीक, तिच्यावर काहीही केले तरी ती सुधारणाच ठरते.

या सुधारणेचा एक प्रकार आपल्या शाळांशी निगडित आहे. तो म्हणजे वृक्षारोपण. महाराष्ट्रात अनेक माळांवर निलगिरी, सुबाभूळ, गिरिपुष्प लावले गेले. माळावरच्या गवतांना भरपूर ऊन लागते, सावलीत ती टिकत नाहीत. गवत गेले की जमिनीवर घरटे करणारे चंडोल, टिटव्या, धाविक जातात, आणि मोकळी दृष्टी हवी असलेले प्राणीही जातात. म्हणजे पर्यावरणाच्या नावाखालीच एक अधिवास मोडतो. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झाले. तरीही आज साऱ्या देशात माळढोक दोनशेच्याही खाली उरले आहेत.

पश्चिमेचा गवाही यातून पूर्ण सुटलेला नाही. गवा हा मुख्यतः गवत खाणारा प्राणी आहे. जंगलातील गवताळ मोकळवणी आणि डोंगरमाथ्यावरचे सडे त्याला चराईसाठी लागतात. जांभ्या खडकाचे हे सडे वरवर ओसाड दिसतात, आणि राधानगरी व शाहूवाडी तालुक्यांत काही सड्यांवर बॉक्साइटसाठी खाणी झाल्या. २०२१ च्या डिसेंबरात गवे थेट कोल्हापूर शहरापर्यंत येऊन पोहोचले होते. त्यामागे एकच कारण असेल असे नाही. पण रानाची सीमा नकाशावर आखता येते, गव्याची भूक आखता येत नाही.

२०२२ च्या सप्टेंबरात नामिबियातून आठ आणि २०२३ च्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते मध्य प्रदेशातील कुनो येथे आणले गेले. संस्थानिकांनी चित्ते आणले ते शिकारीसाठी, आता आणले ते पुनर्वसनासाठी. हेतू बदलला, प्रश्न तोच राहिला आहे. प्राणी जहाजाने किंवा विमानाने आणता येतो, माळ आणता येत नाही.

शिक्षकांना यातून एक उपक्रम करता येईल. गावच्या नकाशात माळ, कुरण, गायरान, पोटखराब असा उल्लेख असलेल्या जागा विद्यार्थ्यांकडून शोधून घ्याव्यात. तेथे पूर्वी काय दिसत असे, हे मेंढपाळांना आणि वयस्कर मंडळींना विचारावे. मग पावसाळ्यानंतर एकदा आणि उन्हाळ्यात एकदा प्रत्यक्ष जाऊन गवते, पक्षी, वारुळे, लेंड्या यांची यादी करावी. पुढच्या जूनमध्ये त्या जागेवर खड्डे खणण्याचा बेत निघाला, तर ही यादी आधी समोर ठेवावी. झाडे लावण्याच्या जागा गावात पुष्कळ सापडतील: बांध, रस्त्याकडेची जमीन, शाळेचे आवार. माळाला मात्र दुसरी जागा नाही.