गळ आणि परवाना

विलायतेत स्थायिक झालेले आपले काही ज्ञातिबांधव विचारतात, हौसेने गळ टाकण्यासही परवाना कशाला? उत्तर इतिहासात आहे. इंग्लंडच्या नद्यांतील सॅमन मासा घटू लागला, तेव्हा १८६५ च्या कायद्याने तो धरणाऱ्या गळास व जाळ्यास परवाना-शुल्क लावले. त्यातून नदीचे राखणदार पोसले गेले. १८७८ च्या कायद्याने गोड्या पाण्यातील इतर माशांनाही विणीच्या काळात अभय दिले. नद्यांत त्यांच्या शिकारीस आजही १५ मार्च ते १५ जून बंदी असते. गळाचा परवाना तेराव्या वर्षापासून लागतो. शिवाय पाण्याच्या मालकाची संमती निराळी घ्यावी लागते.

आपल्या कोळीबांधवांनी नारळी पौर्णिमेपर्यंत होडी न लोटण्याचा नेम कायद्यावाचून पाळला. परवाना म्हणजे त्याच संयमाचे लेखी रूप होय, असे आम्ही मानतो.