खालच्या डेकवरील केबिन

खालच्या डेकवरील केबिन म्हणजे क्रूझ जहाजाच्या प्रवासी मजल्यांपैकी सर्वांत खालच्या मजल्यांवर असलेली निवासी खोली होय. जहाजाच्या मजल्यास डेक म्हणतात. आधुनिक क्रूझ जहाजांवर प्रवाशांच्या सर्वांत खालच्या केबिनी सामान्यतः जलरेषेच्या थोड्या वर असतात. त्याखाली इंजिनकक्ष, इंधन व पाण्याच्या टाक्या, कोठारे आणि कर्मचाऱ्यांची निवासस्थाने असतात. या केबिनींना खिडकी नसते किंवा लहान, न उघडणारी गोल खिडकी (पोर्टहोल) असते. त्यामुळे त्यांचे भाडे त्याच जहाजावरील इतर केबिनींपेक्षा बहुधा कमी असते. हे भाडे मुख्यतः दृश्य, क्षेत्रफळ आणि मजल्याची उंची यांवर ठरते, जहाजाच्या स्थिरतेवर नव्हे. म्हणूनच ज्यांना बोट लागते, अशा प्रवाशांना स्वस्त केबिन अनेकदा महागड्या केबिनीपेक्षा अधिक मानवते.

इतिहास

एकोणिसाव्या शतकात युरोपातून अमेरिकेस जाणाऱ्या गरीब स्थलांतरितांना जहाजाच्या खालच्या भागात सामूहिक जागा दिली जाई. त्या वर्गास 'स्टीअरेज' असे नाव होते. सुकाणूची यंत्रणा ज्या भागात असे, त्यावरून हे नाव पडले. तेथे उजेड आणि हवा अपुरी असे. दाटीमुळे रोगराई लवकर पसरत असे. विसाव्या शतकाच्या आरंभी अनेक जहाजांवर या सामूहिक जागेऐवजी तिसऱ्या वर्गाच्या लहान केबिनी आल्या.

वातानुकूलन येण्यापूर्वी केबिन कोणत्या बाजूला आहे, यालाही महत्त्व होते. मुंबई ते इंग्लंड या मार्गावर तांबड्या समुद्रातील उष्मा असह्य होई. उन्हाची बाजू टाळण्याकडे सधन प्रवाशांचा कल असे. मराठीतही रूढ झालेला 'पॉश' हा शब्द या सावलीकडील केबिनींच्या तिकिटांवरून आला, अशी एक लोकप्रिय समजूत आहे; मात्र तिला पुरावा सापडलेला नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विमानप्रवास वाढला आणि सागरी प्रवासाचा हेतू वाहतुकीकडून पर्यटनाकडे वळला. १९९०च्या दशकापासून नव्या जहाजांवर सज्जाच्या केबिनींचे प्रमाण वाढत गेले. पूर्वी बहुतेक प्रवाशांच्या वाट्याला येणारी पोर्टहोलची केबिन त्यामुळे स्वस्त श्रेणीत गणली जाऊ लागली.

कोकण किनारपट्टीवर मुंबई आणि गोव्याच्या दरम्यान चालणाऱ्या आगबोटींवरही 'लोअर डेक' आणि 'अप्पर डेक' असे वर्ग होते. लोअर डेकचे तिकीट स्वस्त असे. तेथील प्रवाशास केबिन मिळत नसे. सामान शेजारी ठेवून आणि पथारी टाकून रात्र काढावी लागे. मुंबईहून २०२१ मध्ये सुरू झालेल्या कॉर्डेलिया क्रूझेसच्या 'एम्प्रेस' या जहाजावर आतील आणि समुद्राकडील खिडकीच्या अशा केबिनींच्या श्रेणी आहेत.

प्रकार

आतील केबिन: ही मार्गिकेच्या आतल्या बाजूस असते. तिला खिडकी नसते. क्षेत्रफळ साधारणपणे १२ ते १७ चौरस मीटर असते. दिवा मालवल्यावर पूर्ण अंधार होतो. गाढ झोपेस हे अनुकूल असले, तरी दिवस-रात्रीचे भान सुटते अशी काही प्रवाशांची तक्रार असते.

पोर्टहोलची केबिन: हिला नैसर्गिक उजेड मिळतो. खवळलेल्या समुद्रात लाटांपासून संरक्षणासाठी सर्वांत खालच्या पोर्टहोलवर आतून पोलादी झाकण लावले जाते. तेवढा काळ ही केबिन आतील केबिनीसारखीच होते.

'गॅरंटी' केबिन: या पद्धतीत प्रवासी केवळ श्रेणी निवडतो, केबिनीचा क्रमांक नंतर कंपनी ठरवते. भाडे कमी पडते, परंतु जागा निवडण्याचा हक्क राहत नाही.

जहाजाची हालचाल आणि केबिनीचे स्थान

जहाज प्रामुख्याने दोन प्रकारे डुलते. डावी-उजवीकडे होणारे हेलकावे हा पहिला प्रकार आणि पुढचे व मागचे टोक आळीपाळीने वर-खाली होणे हा दुसरा. दोन्ही प्रकारांत जहाज एका अक्षाभोवती फिरते. अक्षापासून अंतर जितके अधिक, तितके तेथील प्रवाशाचे विस्थापन अधिक असते.

जहाज एका बाजूस ५ अंशांनी कलले, तर अक्षाच्या ३० मीटर वर असलेली केबिन सुमारे २.६ मीटर बाजूला सरकते. अक्षाच्या केवळ ५ मीटर वर असलेली केबिन सुमारे ०.४४ मीटरच सरकते. तसेच पुढचे टोक १ अंशाने उचलले गेले, तर मध्यापासून १३० मीटर दूर असलेली केबिन जवळजवळ २.३ मीटर वर जाते. मध्यापासून २० मीटरवरील केबिन सुमारे ०.३५ मीटर वर जाते.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. हेलकाव्यांचा त्रास टाळण्यासाठी केबिन खालच्या डेकवर असणे हिताचे असते. परंतु वर-खाली होणाऱ्या हालचालीच्या दृष्टीने ती जहाजाच्या लांबीच्या मध्याजवळ असणे अधिक महत्त्वाचे ठरते. खालच्याच डेकवरील, पण अगदी पुढच्या टोकाची केबिन बोट लागणाऱ्या व्यक्तीस सोयीची नसते. बहुतेक आधुनिक जहाजांच्या दोन्ही बाजूंस पाण्याखाली पंखांसारखे स्थिरक असतात. ते हेलकावे कमी करतात. टोकांच्या वर-खाली होण्यावर मात्र त्यांचा विशेष उपाय चालत नाही.

आवाज आणि कंपने

खालच्या डेकवर आवाजाची तीन प्रमुख ठिकाणे असतात. मागील भागात इंजिन आणि प्रणोदक यांची कंपने जाणवतात. पुढील भागात नांगराच्या साखळीचा खडखडाट होतो. जहाज धक्क्याला लावताना ते आडवे सरकवणारे पुढील पंखे चालू होतात, तेव्हाही मोठा आवाज येतो. जहाज अनेकदा पहाटे बंदरात शिरत असल्याने हा आवाज झोपमोड करतो. वर आणि खाली दोन्हीकडे केबिनीच असलेली केबिन तुलनेने शांत असते. उलट वरच्या डेकवरील महाग केबिनीवर स्वयंपाकघर, नृत्यगृह किंवा पोहण्याचा तलाव असल्यास खुर्च्या ओढण्याचा आवाज रात्री उशिरापर्यंत येऊ शकतो.

सुरक्षितता

खालच्या डेकविषयीची भीती इतिहासातून आलेली आहे. १९१२ च्या एप्रिलमध्ये 'टायटॅनिक' बुडाले, तेव्हा पहिल्या वर्गातील ६० टक्क्यांहून अधिक प्रवासी वाचले. तिसऱ्या वर्गातील मात्र सुमारे एक चतुर्थांशच वाचले. तिसऱ्या वर्गाच्या केबिनी मुख्यतः खालच्या डेकवर, जहाजाच्या दोन्ही टोकांकडे होत्या. तेथून जीवरक्षक होड्यांपर्यंतचा मार्ग लांब आणि गोंधळात टाकणारा होता. अनेक प्रवाशांना इंग्रजी येत नव्हते. शिवाय सर्वांना पुरतील इतक्या होड्याच नव्हत्या. या दुर्घटनेनंतर १९१४ मध्ये समुद्रावरील जीवितसुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार (सोलास) झाला. सध्या लागू असलेला करार १९७४ चा आहे.

२८ सप्टेंबर १९९४ रोजी बाल्टिक समुद्रात 'एस्टोनिया' ही फेरी बुडून ८५२ जणांचा मृत्यू झाला. तिच्या स्वस्त केबिनी वाहनांच्या डेकच्याही खाली, जलरेषेखाली होत्या. जहाज झपाट्याने कलल्यामुळे तेथील प्रवाशांना जिने चढून बाहेर पडण्यास फारच थोडा अवधी मिळाला. १३ जानेवारी २०१२ रोजी 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे क्रूझ जहाज इटलीच्या किनाऱ्याजवळ खडकावर आदळले आणि ३२ जणांनी प्राण गमावले. त्यानंतर नियमात बदल झाला. २०१५ पासून प्रवाशांचा सुरक्षा सराव जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणे बंधनकारक आहे.

आजच्या जहाजांवर जलाभेद्य आडभिंती, मार्गिकेत जमिनीलगतचे दिशादर्शक दिवे आणि सर्वांसाठी जीवरक्षक साधने असतात. जीवरक्षक होड्या सहसा मधल्या उंचीच्या डेकवर टांगलेल्या असतात. त्यामुळे खालच्या प्रवाशास वर चढावे लागते, तर सर्वांत वरच्या प्रवाशास खाली उतरावे लागते. आणीबाणीत उद्वाहन वापरता येत नाही. म्हणून सुरक्षा सरावात उपस्थित राहणे आणि केबिनीपासून एकत्र जमण्याच्या ठिकाणापर्यंतचा जिन्याचा मार्ग एकदा पायी चालून पाहणे, ही खबरदारी खालच्या डेकवरील प्रवाशासाठी विशेष महत्त्वाची आहे. जिने चढण्यास असमर्थ असलेल्या व्यक्तींनी आपली अडचण नोंदणी करतानाच कळवावी लागते.

भाडे आणि निवड

क्रूझचे भाडे बहुधा एका केबिनीत दोन व्यक्ती राहतील असे धरून, दरडोई सांगितले जाते. एकट्या प्रवाशास अधिभार द्यावा लागतो. तो कधीकधी दुसऱ्या व्यक्तीच्या पूर्ण भाड्याइतका असतो. बंदर शुल्क, कर आणि सेवाशुल्क अनेकदा वेगळे आकारले जाते. भोजनगृह, रंगमंच, तलाव आणि खुले डेक यांचा वापर सामान्यतः सर्व श्रेणींच्या प्रवाशांना करता येतो. त्यामुळे भाड्यातील फरक मुख्यतः खोलीपुरता राहतो.

केबिन निवडताना जहाजाचा डेकनिहाय आराखडा उपयोगी पडतो. त्यात केबिन मध्याजवळ आहे की टोकाला, तिच्या वर-खाली काय आहे आणि जिना किती दूर आहे, हे दिसते. तिसरा व चौथा बिछाना भिंतीतून किंवा छतातून खाली येणारा असल्यास लहान मुले व वृद्ध यांची सोय आधी विचारून घेणे इष्ट असते. दिवसाचा बराच वेळ केबिनीतच घालवणाऱ्या, बंदिस्त जागेची भीती असणाऱ्या किंवा जिने न झेपणाऱ्या व्यक्तींना ही बचत महागात पडू शकते. केवळ झोपण्यापुरती खोली हवी असणाऱ्यांना आणि बोट लागणाऱ्यांना मात्र खालच्या डेकवरील, मध्याजवळची केबिन सोयीची ठरते.

हेही पहा

क्रूझ जहाज
टायटॅनिक
सोलास करार
जीवरक्षक होडी