हरवलेला नेम आणि रायफलीची बैठक : एम४०ची गोष्ट (धागा)

१/ मार्च १९६५ मध्ये अमेरिकेचे मरीन सैनिक व्हिएतनाममधील दा नांगच्या किनाऱ्यावर उतरले. लवकरच त्यांना स्नायपरांची, म्हणजे दडून दूरचा नेम साधणाऱ्या नेमबाजांची, तीव्र गरज भासू लागली. पहिल्या स्नायपरांच्या हाती आल्या त्या मुख्यतः नेमबाजीच्या स्पर्धांसाठी राखलेल्या विंचेस्टर मॉडेल ७० रायफली.

२/ १९६६ मध्ये त्यांच्यासाठी एम४० ही रायफल स्वीकारण्यात आली. मूळ रचना रेमिंग्टन ७०० या शिकारी रायफलीची. ७.६२ मिमीचे काडतूस, ३ ते ९ पट मोठे दाखवणारी रेडफिल्डची दुर्बीण आणि तेल पाजलेल्या अक्रोडाच्या लाकडाचा देखणा दस्ता. तिचे सारे दुखणे पुढे या देखण्या दस्त्यातूनच उद्भवले.

३/ कोरड्या हवेत उत्तम नेम धरणारी ही रायफल पावसाळी जंगलात काही आठवडे काढून आली की बिघडे. गोळ्या एका जागी पडेनात. नेमबाज तोच, काडतुसे तीच, हात तितकाच स्थिर. तरीही कागदावरची छिद्रे विखुरलेली. प्राण पणाला लावून दिवसभर दबा धरणाऱ्या स्नायपरला बहुधा एकच गोळी झाडण्याची संधी मिळते. ती चुकली तर लक्ष्य निसटते आणि त्याची स्वतःची जागा उघडी पडते.

४/ चूक किती झाली की ती घातक ठरते? अंशाचा साठावा भाग म्हणजे एक कला. एका कलेचा फरक ६०० मीटरवर सुमारे १७.५ सेंटीमीटर होतो. तीन कलांचा फरक झाला की गोळी अर्ध्या मीटरहून अधिक बाजूला जाते, म्हणजे माणसाच्या खांद्यांच्या रुंदीपलीकडे. डोळ्यांना न दिसणारा एवढासा बिघड पुरेसा असतो.

५/ या बिघाडाचे मूळ लाकडाच्या स्वभावात आहे. लाकूड हवेतील ओल शोषते आणि सोडते. तंतूंच्या दिशेने ते फारसे वाढत नाही, पण आडवे फुगते आणि असमान फुगले की पिळवटते. कोकणातल्या घराचे दार पावसाळ्यात चौकटीत अडकते, त्यामागेही हेच कारण असते.

६/ गोळी सुटताना रायफलीची नळी छेडलेल्या तारेसारखी कंप पावते. हे कंपन दर वेळी सारखेच झाले, तर गोळीही त्याच जागी जाते. म्हणून एम४०ची नळी दस्त्याला कोठेही न टेकता मोकळी ठेवलेली होती. पिळवटलेला दस्ता नळीला एका बाजूने टेकला की कंपनाची लय मोडते. शिवाय ही टेकण ओलीबरोबर आणि उन्हाबरोबर बदलत राहते.

७/ दुसरा दोष बैठकीचा. नळी ज्यात बसवलेली असते तो पोलादी सांगाडा दस्त्यातील खोबणीत जिथे टेकतो, ती जागा म्हणजे रायफलीची बैठक. प्रत्येक गोळीचा मागे येणारा धक्का सांगाड्याखालच्या एका लहानशा खुंटीमार्फत लाकडावर आदळतो. शेकडो गोळ्यांनंतर तेथील तंतू चेपतात. झिरपलेले तेल त्यांना आणखी मऊ करते. मग धातू दर गोळीला किंचित वेगळ्या जागी बसतो.

८/ निदान मात्र सोपे नव्हते, कारण सैल दुर्बीण, झिजलेली नळी किंवा खराब काडतुसे हीच लक्षणे दाखवतात. म्हणून शस्त्र-कारागीर एकेक शक्यता बाद करत जातात. आधी काडतुसे बदलून पाहायची, दुर्बिणीचे स्क्रू तपासायचे, नळी स्वच्छ करायची. मग नळी आणि लाकूड यांमधून कागदाची पट्टी सरकवायची. ती अडली, तर दोष तेथेच. शेवटी दस्त्याचा स्क्रू सैल-घट्ट करताना नळीवर बोट ठेवायचे. नळी हलली, तर बैठक गेलेली आहे.

९/ उपचाराला चिकाटी लागते. जुनी, तेलकट, चेपलेली बैठक खरवडून कोरडे, घट्ट लाकूड उघडे करायचे. धातू चिकटून बसू नये म्हणून त्यावर मेणासारखा लेप द्यायचा. मग खोबणीत इपॉक्सी भरून सांगाडा कोणताही ताण न देता त्यात बसवायचा आणि ती घट्ट होऊ द्यायची. तयार होतो तो धातूचा हुबेहूब साचा. धातू दर वेळी त्याच जागी बसू लागतो.

१०/ पण दस्ताच पिळवटत राहिला तर नवी बैठक किती टिकणार? अमेरिकी लष्कराने आपल्या एक्सएम२१ या स्नायपर रायफलीसाठी अक्रोडाच्या लाकडातच इपॉक्सी मुरवून पाहिली. मरीन कोअरने लाकूडच सोडले. १९७०च्या दशकात क्वांटिको येथील कारागिरांनी जुन्या एम४० उलगडून त्यांना मॅकमिलनचे फायबरग्लासचे दस्ते, जड पोलादी नळ्या आणि इपॉक्सीची बैठक दिली. हीच एम४०ए१.

११/ हे दुखणे केवळ अमेरिकेचे नव्हते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ऑस्ट्रेलियातील लिथगो कारखान्यात .३०३ ली-एनफील्डच्या मऊ लाकडाला धक्का सोसावा म्हणून तांब्याच्या पट्ट्या बसवल्या गेल्या. बंगालमधील इशापूर कारखान्याच्या अनेक .३०३ रायफलींत पुढचे लाकूड फाटू नये म्हणून आडवा स्क्रू दिसतो. एनसीसीत .३०३ हाताळलेल्या कित्येकांनी तो पाहिला असेल. त्याचे कारण फार थोड्यांनी विचारले असेल.

१२/ युद्धाच्या कथा नेमबाजांची नावे जपतात. रात्री दिव्याखाली खोबणी खरवडणारा कारागीर त्यांत क्वचितच येतो. पण एखाद्या तरुण सैनिकाची गोळी अपेक्षेप्रमाणे जाते किंवा जात नाही, याचा निर्णय पुष्कळदा त्याच्या हाताखाली आधीच झालेला असतो. पराक्रमालाही बैठक लागते. ती कोणी घातली, हा प्रश्न इतिहासाने विचारलाच पाहिजे.